यादी वाचून झाली

मे महिना लागला की रविवारच्या पुरवणीत समुद्र येतो. पानभर निळं पाणी, दोन माडांना बांधलेली झोळी, झोळीत गवती टोपीवाली बाई, तिच्या हातात पुस्तक आणि कानात इयरफोन. वर मथळा: या उन्हाळ्यात काय वाचाल, काय ऐकाल. खाली दहा पुस्तकं आणि दहा इंडी पॉप गाणी. आधी हा समुद्र फक्त इंग्रजी पुरवण्यांत असायचा, आता मराठीनंही तो उसना आणलाय. पुरवणी उघडणारा वाचक मात्र अकोल्यात असतो. बाहेर ४४ अंश, घरातली वीज सकाळपासून गेलेली, आणि त्याला सांगितलं जातंय की ही कादंबरी वाळूत पाय खुपसून वाचण्याजोगी आहे.

हे ज्यानं लिहिलं त्यानं मे महिन्यात टळटळीत दुपारी किहीमच्या वाळूत पाय खुपसून दाखवावेत. आपल्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात कुणी वाचत नाही. माणूस आधी सावली शोधतो, मग कोकम सरबत, मग परतीच्या बोटीचं तिकीट. पुस्तक पिशवीत असतं आणि पिशवीतच परत येतं, फोटो तेवढा काढून झालेला असतो.

हा समुद्र मुळात अमेरिकेचा. एकोणिसाव्या शतकात तिथे रेल्वे पसरली, हातात चार पैसे आलेला वर्ग उन्हाळ्यात डोंगरावर आणि किनाऱ्यावर जाऊन राहायला लागला. उन्हाळ्यात पुस्तकांचा धंदा बसलेला असे. प्रकाशकांनी डोकं चालवलं आणि स्वस्त, हातात हलक्या आणि डोक्याला त्याहून हलक्या कादंबऱ्या खास सुट्टीसाठी म्हणून काढल्या. तेव्हापासून दर वर्षी गोदाम भरलं की उन्हाळा सुरू होतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात वाचा असं कुणी सांगावं लागत नव्हतं, कारण दुसरं काही करूच देत नव्हते. बाहेर ऊन, गच्चीवर वाळवणं, घरात मोठी माणसं झोपलेली. आवाज केला तर धपाटा. अशा परिस्थितीत मराठी मूल साहित्याकडे वळतं. आजोळच्या कपाटात जे सापडेल ते वाचायचं: 'चांदोबा'चे बांधलेले अंक, फास्टर फेणे, आणि मागच्या रांगेत मामानं दडवलेले बाबूराव अर्नाळकर. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांतल्या हाती लागेल तिची शेवटची पानं गळालेली असायची. खून कोणी केला हे मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांना अजून कळलेलं नाही. तरी त्या वाचत राहिल्या. आजचा यादीवाला असल्या प्रतीला एक तारा देऊन मोकळा होईल.

पुस्तकं आणि गाणी यांची एकत्र मोट बांधण्याचं श्रेय मात्र बराक ओबामांना द्यायला हवं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये ते मार्थाज व्हिनयार्ड बेटावर सुट्टीला गेले आणि व्हाइट हाउसनं जाहीर केलं की साहेबांनी वाचायला सहा पुस्तकं घेतलीत, आणि स्पॉटिफायवर त्यांची गाणी आहेत, २० दिवसाची, २० रात्रीची. सहांत झुंपा लाहिरींची 'द लोलँड' होती म्हणून आपण कॉलर ताठ केली. त्याच सहांत एलिझाबेथ कोल्बर्ट यांचं 'द सिक्स्थ एक्स्टिंक्शन'ही होतं. पृथ्वीवरचे जीव माणसाच्या कर्तबगारीनं घाऊक भावात कसे नामशेष होताहेत, याची हकिकत. अण्वस्त्रांची किल्ली तेव्हा ज्याच्याकडे होती त्या गृहस्थानं समुद्रकाठी पडून वाचायला घेतलेलं हे पुस्तक! सुट्टी कशी गेली, हे नंतर कुणी विचारल्याचं आठवत नाही. आपल्याकडे तेव्हा श्रावण तोंडावर आला होता, छत्र्या गळत होत्या, पण उन्हाळी यादी आपणही इमानेइतबारे फिरवली.

यादी हा तेव्हापासून स्वतंत्र वाङ्मयप्रकार झाला. पुस्तक वाचायला आठवडा जातो, यादी दीड मिनिटात होते, आणि चारचौघांत पुण्य सारखंच लागतं.

पुढे २०१९ संपता संपता ओबामांच्या वर्षभराच्या आवडत्या गाण्यांत प्रतीक कुहाडचं 'कोल्ड/मेस' आलं. कुहाड जयपूरचा. बरीच वर्षं गात होता, त्याचा 'इन टोकन्स अँड चार्म्स' हा अल्बम २०१५ चा. आदल्या संध्याकाळपर्यंत घरोघरच्या मुलींना ही गाणी लावल्याबद्दल 'काय हे रडगाणं, कुणी गेलंय का?' असं ऐकून घ्यावं लागत होतं. दुसऱ्या दिवशी त्याच मुलींच्या वडिलांनी तेच गाणं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, सोबत तिरंगा आणि तीन हात जोडलेले. शेजारच्या खोलीतून येणारा सूर ओळखायला आपल्याला वॉशिंग्टनहून शिफारसपत्र लागतं. मुलींचा राग वेगळाच होता. त्यांचं गाणं आता बाबांना आवडत होतं, म्हणजे ते गेलंच हातातून.

इंडी पॉपचा, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाहेर आपापल्या जोरावर निघणाऱ्या गाण्यांचा, खरा आजार हा आहे. गाणं आवडणं दुय्यम, आधी सापडणं महत्त्वाचं. 'मी त्यांना आधीपासून ऐकतोय' हे वाक्य म्हणता यावं एवढ्यासाठी काही लोक ऐकतात.

ग्लासगोच्या 'बेल अँड सेबॅस्टियन' या बँडची गोष्ट या बाबतीत शाळेत लावण्यासारखी आहे. स्टुअर्ट मर्डॉक हा त्यांचा गाणी लिहिणारा. तरुणपणाची कित्येक वर्षं त्यानं आजारपणात अंथरुणावर काढली, नंतर एका चर्चच्या सभागृहाच्या वर राहून तिथली देखभाल बघू लागला. बँडचं नाव घेतलं ते सेसील ओब्री या फ्रेंच लेखिकेच्या मुलांच्या पुस्तकातून, एक मुलगा आणि त्याचा कुत्रा. म्हणजे बँडच मुळात सुट्टीतल्या वाचनातून निघालेला. तिथल्या स्टो कॉलेजात संगीताच्या धंद्याचा एक अभ्यासक्रम होता आणि विद्यार्थी दर वर्षी सराव म्हणून कुणाची तरी एक रेकॉर्ड काढत. १९९६ साली त्यांनी यांची 'टायगरमिल्क' काढली. प्रती फक्त १००० होत्या. मराठी कवीला हा आकडा ऐकून घेरी येईल, आणि त्या सगळ्या खपल्या हे ऐकून तो सावरायचाच नाही.

या हजार प्रती ज्यांच्याकडे होत्या ते त्या घरात दडवून ठेवत आणि बाहेर त्यांच्याबद्दल बोलत. उलटं केलं असतं तर बँडचं भलं झालं असतं. तरी तोंडातोंडी नाव पसरत गेलं, आणि १९९९ च्या ब्रिट पुरस्कारांत सर्वोत्तम नवोदित म्हणून यांनी चक्क 'स्टेप्स'ला हरवलं. स्टेप्स म्हणजे तेव्हा घराघरांत नाचवला जाणारा, चकाचक कपड्यांतला पॉप. मतदानात इंटरनेटचा मोठा हात होता, आणि इंटरनेट तेव्हा असायचं विद्यापीठांच्या संगणकखोल्यांत, म्हणजे नेमकं जिथे यांचे चाहते जाड चष्मे लावून बसलेले असत. हरलेल्या बाजूनं मतपेट्या भरल्याचा ओरडा केला. मला मौज वाटते ती जिंकलेल्यांची. आमचा बँड कुणाला ठाऊक नाही, यावर ज्यांची सगळी प्रतिष्ठा उभी, त्यांनीच मतं टाकटाकून तो देशभरच्या टीव्हीवर नेऊन बसवला. आता तक्रार कुणाकडे करणार?

त्याहून करारी माणसं ब्रिस्टलला होऊन गेली. क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स यांनी १९८७ साली 'सेरा रेकॉर्ड्स' काढली. सात इंची छोट्या तबकड्या, खिशाला परवडतील अशा, आणि प्रत्येकीला अनुक्रमांक. पण काही क्रमांक त्यांनी तबकड्यांना न देता हातानं केलेल्या पत्रिकांना दिले, पन्नासावा तर एका बोर्डगेमला दिला. लंडनची संगीत साप्ताहिकं त्यांना रडूबाई म्हणून चिडवत. यांनी १९९५ मध्ये शंभरावा क्रमांक काढला, जाहिरात देऊन कारण सांगितलं आणि दुकान मिटवलं. कर्ज झालं म्हणून नाही, भांडण झालं म्हणून नाही, फक्त शंभर झाले म्हणून. आपल्याकडे संस्था शंभरी गाठते, कारण अध्यक्ष खुर्ची सोडत नाहीत.

या मंडळींची गंमत अशी की त्यांची गाणी लोक आधी वाचत. झेरॉक्स काढून टाचणी मारलेल्या पत्रिकेत कुणीतरी अनोळखी पोरगा पानभर लिहायचा की अमुक गाणं ऐकून मला रात्री झोप आली नाही. ते वाचून तुम्ही टपालानं पैसे पाठवायचे आणि वाट बघायची. तबकडी येईपर्यंत डोक्यात एक गाणं तयार झालेलं असायचं, आणि पुष्कळदा तेच जास्त चांगलं असायचं. आपल्याकडे साठच्या दशकात अशोक शहाण्यांचं 'असो', भालचंद्र नेमाड्यांचं 'वाचा' अशी लघुअनियतकालिकं निघाली, तोही असाच पदरमोडीचा आणि प्रतिष्ठितांच्या शिव्या खाण्याचा उद्योग होता. त्यांनाही कुणी यादीत घेतलं नाही. घेतलं असतं तर त्यांनी यादीवर अग्रलेख लिहिला असता.

आता हे सगळं घरपोच आहे. ओबामांची यादी आली त्याच्या आदल्याच महिन्यात, जुलै २०१५ मध्ये, स्पॉटिफायनं 'डिस्कव्हर वीकली' सुरू केलं. दर सोमवारी ३० गाणी, खास तुमच्यासाठी शोधलेली. शोध तुमचा, कष्ट त्यांचे. पाहुण्यांचं लेकरू गप्प बसावं म्हणून तुम्ही एकदा बडबडगीत लावा, पुढचे कितीतरी सोमवार तुमची अभिरुची इयत्ता पहिलीत. आणि न आवडलेल्या गाण्याबद्दल भांडायचं कुणाशी? आकडेमोडीला भुवई नसते.

मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउस या रेकॉर्डच्या दुकानात ती होती. तुम्ही काय मागताय ते ऐकून काउंटरपलीकडचा माणूस भुवई वर करायचा, काही न बोलता आतून दुसरंच काढून पुढ्यात ठेवायचा, आणि दुकानातल्या त्या चिमुकल्या खोलीत शिरून ऐकून झाल्यावर तोंड वाकडं करून बाहेर यायचा हक्क तुम्हालाही होता. १९४०च्या दशकातलं ते दुकान २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बंद झालं. पुढे नीरव मोदीच्या कंपनीनं ते विकत घेतलं, मग मोदी परदेशात आणि दुकान ईडीच्या ताब्यात गेलं. गाण्यांवर चाललं नाही आणि हिऱ्यांनाही लाभलं नाही. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, फोर्टातला स्ट्रँड बुक स्टॉल गेला. टी. एन. शानभागांनी १९४८ साली स्ट्रँड सिनेमाच्या आवारात एका टपरीएवढ्या जागेत सुरू केलेलं ते दुकान. दोन्हीकडे शेवटच्या दिवसांत गर्दी लोटली, डोळे पाणावले, पोस्टी पडल्या. त्या गर्दीतल्या किती जणांनी आधीच्या दहा वर्षांत तिथून काही विकत घेतलं होतं, हे विचारणं शोकसभेच्या रीतीला धरून नाही.

आणि याच काळा घोड्यावर, ऱ्हिदम हाउसच्याच रस्त्याला, वेसाइड इनमध्ये गुरुवारी दुपारी अरुण कोलटकर बसत. घरी फोन नव्हता. भेटायचं तर गुरुवार गाठायचा, चहा सांगायचा. 'जेजुरी'ला १९७७ साली राष्ट्रकुल कवितापुरस्कार मिळाला, आणि त्यानंतर माणसं जे करतात त्यांतलं कोलटकरांनी काहीही केलं नाही. मराठी पुस्तकं शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाकडेच राहिली. त्यांतली 'चिरीमिरी', 'भिजकी वही', 'द्रोण' ही तर अगदी शेवटी, २००३-०४ मध्ये आली. आता मूळ मुद्दा. हा माणूस पखवाज शिकला होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं इंग्रजीत गाणी लिहिली, त्यांना चाली लावल्या, स्वतः गायली आणि ध्वनिमुद्रितही केली. ना सिनेमा, ना मोठी कंपनी, ना आकाशवाणी. रेकॉर्ड निघाली नाही ती नाहीच. त्या गाण्यांचे शब्द हाती लागतात ते २००९ च्या 'द बोटराइड अँड अदर पोएम्स' या संग्रहात, अरविंद कृष्ण मेहरोत्रांनी संपादित केलेल्या.

माझ्या हिशेबी मराठी मुलखातला हा पहिला इंडी गायक, आणि त्याचा अल्बम ऐकता येत नाही, वाचावा लागतो. उन्हाळी वाचन आणि नवं संगीत असा दुहेरी योग ज्यांना साधायचाय त्यांच्यासाठी यापेक्षा अस्सल वस्तू नाही. कुठल्याही यादीत ती नाही. पुस्तकवाले म्हणणार ही तर गाणी, गाणेवाले म्हणणार हे तर पुस्तक.

आजच्या मराठी इंडीवाल्याला मी हे ऐकवलं. तरुण आहे, भला आहे, कापडी पिशवी वापरतो. पुण्यात २०१० साली एनएच७ वीकेंडर हा संगीतमहोत्सव सुरू झाला तेव्हा शाळेत होता, तरी पहिल्या वर्षी गेल्याचं सांगतो. पुण्याचेच ईझी वाँडरलिंग्ज आवडतात, आणि ते आवडावेत असेच आहेत, त्यांचा २०१७ चा 'अ‍ॅज रिटन इन द स्टार्स' हा अल्बम मीही ऐकतो. मी विचारलं, "आणि संजू राठोड?"

"काका, ते इंडी नाही."

"का रे? जळगावकडचा पोरगा. गाणं स्वतः लिहितो, स्वतः गातो. सिनेमा नाही, हिरो नाही, तरी २०२४ मध्ये 'गुलाबी साडी' कुठल्या कुठे गेलं."

"तसं नाही ओ. ते सगळ्यांना आवडतं."

ताईच्या हळदीला हा त्याच गाण्यावर नाचताना मी पाहिलाय. त्या वेळी कापडी पिशवी कोपऱ्यात ठेवली होती. इयरफोनात चालणार नाही असं गाणं मांडवात चालतं, आणि मांडवातलं मोजायचं नसतं, असा त्यांचा नियम दिसतो.

पुस्तकांचं वेगळं नाही. सध्या याद्यांत कॉफीच्या दुकानातल्या जपानी कादंबऱ्यांची लाट आहे, मुखपृष्ठावर मांजर हवंच. मीही यादीला भुलून आमच्या भागातल्या वाचनालयात गेलो. राज्यात ११ हजारांच्या आसपास सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, १९६७ चा कायदा आहे, अ-ब-क-ड वर्ग आहेत, आणि दुपारी बारा ते चार कुलूप आहे. घराबाहेर पडता येत नाही आणि घरात बसवत नाही असे उन्हाळ्यातले नेमके चार तास पंख्याखालची ती टेबलं रिकामी ठेवायची, ही उन्हाळी वाचनाची आपली राज्यव्यापी योजना. चार वाजता दार उघडलं.

"मॅडम, ते मांजराचं पुस्तक आलंय का?"

"कुठलं? चार मांजरं आहेत."

"यादीतलं."

"चारही यादीतलीच. सगळी परत आलीत, खुणेचा कागद विसाव्या पानात." त्यांनी मांजरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, मागच्या कपाटातून एक कव्हर घातलेलं जाडजूड पुस्तक काढून शिक्का मारला. "हे न्या."

"अहो, पण हे काय आहे?"

"न्या तर. नाही आवडलं तर आणून भांडा. पण वाचून भांडा."

कव्हर खाकी, त्यावर फक्त दाखल क्रमांक. नाव बघायला पान उलटावं लागलं. नाव सांगत नाही, कारण लगेच ते यादीत जाईल आणि विसाव्या पानात अडकेल. मॅडमना विचारलं की हे तुम्ही ठरवता कसं, तर म्हणाल्या, "तोंड बघून." त्यांचा पगार किती आणि अनुदान आलं नाही की तो कधी होतो, हे ऐकल्यावर मी पुढचं काही विचारलं नाही.

आता संपादकांचा निरोप आलाय की मजकुरासोबत चौकट हवी: या उन्हाळ्याची पाच पुस्तकं, पाच गाणी, प्रत्येकी वीस शब्द, शेवटी तारे. मी म्हटलं, चौकट देत नाही. ते म्हणाले, मग त्या जागी एअर कूलरची जाहिरात जाईल. जाऊ द्या, वाचकाच्या काही कामाला तरी येईल.